पहिला पत्ता मिळतो, दुसरा निवडावा लागतो

मुंबईत नोकरी लागली की नांदेड-लातूरच्या घरात पगारापाठोपाठ विचारला जाणारा प्रश्न राहण्याचा असतो. पगाराचे उत्तर नेमणुकीच्या पत्रात असते. राहण्याचे उत्तर मामाच्या मुलाकडे, मेव्हण्याच्या मित्राकडे किंवा ‘आपल्या गावचा एक जण कळंबोलीत राहतो’ या माहितीत शोधले जाते. पहिला पत्ता असा ओळखीतून मिळतो आणि त्यात काही वावगे नाही. अनोळखी शहरात पहिल्या रात्री दार उघडणारे माणूस असावेच.

अडचण पुढे होते. दोन-चार महिन्यांसाठी म्हणून धरलेली जागा तशीच चालू राहते. मग लग्न होते, त्याच गल्लीत थोडी मोठी खोली घेतली जाते, मुलांची शाळा तिथेच ठरते आणि कर्जही त्याच स्टेशनाजवळच्या घरासाठी निघते. आयुष्याचा एवढा मोठा निर्णय झाला, पण तो कुणी घेतलाच नाही, असे हजारो कुटुंबांचे होते. माझे म्हणणे इतकेच आहे की पहिला पत्ता ओळखीने घ्यावा, दुसरा मात्र विचार करून निवडावा. त्या निवडीत कोणकोणत्या गोष्टी येतात, त्यांचा हा आढावा.

उशिरा आलेला प्रदेश

मुंबईत मराठवाड्याचा माणूस उशिरा आला, याला इतिहास आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेडचे मोठे शहर हैदराबाद होते. कॉलेज, कोर्ट, बाजार सगळे तिकडे. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातले गडी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कापड गिरण्यांत येत होते. त्यांनी गिरणगावात आपापल्या गावांच्या खोल्या उभ्या केल्या. एका खोलीत गावातले पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे, जेवायला खानावळ असायची. खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच वस्तीत. रत्नागिरीकडच्या तरुणाला बोटीत किंवा एसटीत बसण्याआधीच मुंबईतला पत्ता ठाऊक असायचा.

मराठवाड्याला ही सोय मिळाली नाही. 1972 च्या दुष्काळानंतर इथली कुटुंबे मोठ्या संख्येने मुंबईत आली, तेव्हा त्यांना जागा मिळाली ती चेंबूर, मानखुर्द, गोवंडी, घाटकोपर या पूर्वेकडच्या पट्ट्यातल्या झोपडवस्त्यांत. त्यांत दलित आणि भूमिहीन कुटुंबे बरीच होती. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणीची वाट पुढे बंदच झाली. नंतरच्या लाटेला काम दिले नवी मुंबईच्या बांधकामांनी. मुखेड, कंधार, किनवट, अहमदपूर, जळकोट भागातल्या गावांतून आणि तांड्यांवरून आलेली माणसे सकाळी मजूर नाक्यांवर उभी राहू लागली. त्यापुढची लाट शिकलेल्यांची: ‘लातूर पॅटर्न’मधून घडलेले डॉक्टर आणि इंजिनिअर, नर्स, पोलीस, बँकेतले आणि आयटीतले तरुण-तरुणी.

म्हणजे ‘कुठे राहावे’ हा प्रश्न आज तीन वेगवेगळ्या खिशांचा आहे. पण तिघांनाही गावकीची खोली नाही. म्हणून निवड प्रत्येकाला एकट्याने करावी लागते, आणि म्हणूनच तिच्याविषयी मोकळेपणाने बोलायला हवे.

गावाकडचा रस्ता

मुंबईतल्या घराचा विचार कामाच्या ठिकाणापासून सुरू होतो, ते बरोबरच आहे. पण मराठवाड्याच्या माणसाला दुसरे अंतरही मोजावे लागते. नांदेड सुमारे 600 किलोमीटर दूर, लातूर सुमारे 500. आईवडील तिकडे, शेत तिकडे, लग्नकार्य आणि मयतही तिकडेच. रात्री दहाला फोन आला तर सकाळी गावात पोहोचता येईल का, हे पाहणे भावनेइतकेच व्यवहाराचेही आहे.

देवगिरी, नंदीग्राम, तपोवन, राज्यराणी या नांदेडकडच्या गाड्या मनमाड-नाशिकवरून कसारा घाट उतरतात. लातूर एक्स्प्रेस कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत बोरघाटातून येते. हे दोन्ही लोहमार्ग एकत्र येतात कल्याणला. 2017 मध्ये लातूर एक्स्प्रेस बिदरपर्यंत वाढवली, तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले होते. एका रात्रगाडीतल्या जागांवर किती घरांची ये-जा अवलंबून आहे, ते त्यातून दिसले. कल्याण-डोंबिवली-अंबरनाथच्या बाजूला मराठवाड्याची वस्ती वाढण्यामागे घरभाड्याइतकाच या जंक्शनाचा हात आहे.

रस्त्याने येणाऱ्यांचे उतरण्याचे ठिकाण वेगळे. लातूरहून पुण्यामार्गे येणाऱ्या ट्रॅव्हल्स द्रुतगती मार्ग संपला की कळंबोलीला पहिला मोठा थांबा घेतात. शिवाय नांदेड-पनवेल ही रेल्वे परळी, लातूर, बार्शी, पुणे करत थेट पनवेलला जाते. त्यामुळे कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथे लातूरचा माणूस हाकेला ओ देतो. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला आणि हा रस्ता भिवंडीजवळ आमणे इथे येऊन थांबतो. जालन्याहून समृद्धीला लागणाऱ्या नांदेड-परभणीच्या गाड्यांना त्यामुळे कल्याण-भिवंडीची बाजू आणखी जवळची झाली आहे.

पट्ट्यापट्ट्याने

कल्याण ते बदलापूर हा पट्टा मध्यमवर्गीय पगाराला झेपणारा. कल्याण मुंबई सीएसएमटीपासून साधारण 54 किलोमीटर, बदलापूर 68. अंबरनाथ, डोंबिवलीच्या एमआयडीसीत किंवा ठाण्यात काम असेल तर हा पट्टा उत्तम. काम परळ-फोर्टला असेल तर रोजची कसोटी आहे. 9 जून 2025 रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान खच्चून भरलेल्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले, ती याच मार्गावरची घटना. इथे घर पाहताना स्टेशनावरून गाडी सुटते की नुसती थांबते, हा फरक पाहावा. कल्याणहून सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळण्याची आशा असते. मधल्या स्टेशनावर सकाळी आठला आत शिरणेच अवघड.

ठाणे, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे हा दुसरा पट्टा. ठाणे-वाशी लोकल 2004 मध्ये सुरू झाली आणि ऐरोली, रबाळे, महापेच्या कंपन्या मध्य रेल्वेशी जोडल्या गेल्या. आयटीत किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात काम असणाऱ्यासाठी इथे वन आरके घेऊन राहणे भाड्याने महाग, पण वेळेने स्वस्त पडते. सिडकोने बांधलेल्या वसाहतींच्या मधोमध मूळ गावठाणे आहेत आणि तिथल्या इमारतींत भाडे कमी असते. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, ती ही गावे. एकट्या तरुणाला तिथली खोली चालते. मात्र यातल्या अनेक इमारतींना परवानगी नाही, त्यामुळे भाड्याने राहणे वेगळे आणि विकत घेणे वेगळे, हे लक्षात ठेवावे.

तिसरा पट्टा खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजा आणि उलवे. सिडको हे नाव नांदेडकरांना नवे नाही; गोदावरीपलीकडे तिने वसवलेली नवीन नांदेडची वसाहत त्यांच्या ओळखीची आहे. रुंद रस्ते, शाळा आणि स्टेशन आधी आखून मग घरे, ही पद्धत इथे मोठ्या प्रमाणावर दिसते. बेलापूर-पेंधर मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली, त्यामुळे तळोज्याला जाणे सोपे झाले. अटल सेतूचे उद्घाटन 12 जानेवारी 2024 ला झाले, त्याचा लाभ प्रामुख्याने मोटार असणाऱ्यांना. नवी मुंबई विमानतळ, न्हावाशेवा बंदर किंवा तळोजा एमआयडीसीत काम असेल तर हा पट्टा पहिल्या पसंतीचा. अंधेरीला काम असेल तर नाही.

चौथा पट्टा खुद्द मुंबईचा. केईएम, सायन, नायर, जेजे या रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांना वसतिगृह मिळते, पोलिसांना वसाहत मिळू शकते. त्यांनी ती सोडू नये. बाकीच्यांसाठी कुर्ला, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळीत कॉट बेसिसवर किंवा तिघाचौघांत भागीदारीने खोली, हाच मार्ग उरतो. 2014 मध्ये घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो आली आणि मध्य रेल्वेवर राहून अंधेरीत काम करणे शक्य झाले. पश्चिम रेल्वेवरचा वसई-विरार पट्टा स्वस्त आहे, पण गावाची गाडी पकडायला आधी दादर किंवा कल्याण गाठावे लागते. कामच त्या बाजूला असेल तरच तिकडे जावे.

वेळेचा हिशेब

घर शोधताना बहुतेक जण भाड्याच्या आकड्याने सुरुवात करतात. मी म्हणेन, तासांनी करावी. समजा एका घरातून कामाला जायला दोन तास लागतात आणि दुसऱ्यातून पाऊण तास. जाऊन-येऊन रोजचा फरक अडीच तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेबासष्ट तास, म्हणजे आठ तासांचे जवळजवळ आठ दिवस. स्वस्त घरात वाचलेले भाडे या आठ दिवसांच्या बदल्यात मिळालेले असते. ते पुरेसे आहे का, हे प्रत्येकाने आपल्यापुरते ठरवावे. पण हिशेब मांडल्याशिवाय ठरवू नये. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये मांडले होते की शहरे आणि वाहने बदलली तरी माणूस रोज साधारण तासभराचा प्रवास पत्करत आला आहे. मुंबईच्या उपनगरांत त्याच्या तिप्पट-चौपट प्रवास करणारी माणसे आहेत आणि त्याची किंमत झोपेतून, मुलांच्या सहवासातून आणि शेवटी प्रकृतीतून वसूल होते.

पाणी: नळाचे आणि आभाळाचे

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना घर बघताना पाण्याचे विचारायला शिकवावे लागत नाही. पण समुद्राकाठी पाऊस इतका पडतो, तर पाण्याची चिंता कशाला, असा समज होतो. तो खोटा आहे. बेलापूर आणि खारघर ही लागूनची स्टेशने. पण बेलापूर नवी मुंबई महापालिकेत येते आणि त्या महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे. खारघर 2016 मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत येते आणि तिथला पुरवठा सिडकोकडून हेटवणेसारख्या इतर स्रोतांतून होतो. एका स्टेशनाच्या अंतराने नळाची वेळ बदलते. म्हणून सोसायटीत टँकर किती वेळा येतो आणि त्याचे पैसे कोण भरतो, हे घरमालकापेक्षा शेजारच्या बाईंना विचारावे.

आभाळाच्या पाण्याचा अंदाज आपल्याकडच्या माणसाला येत नाही. लातूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी 800 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा बदलापूर परिसरातल्या सखल वस्त्याही पाण्याखाली होत्या. 18 जुलै 2021 ला चेंबूरच्या भारतनगरमध्ये उतारावरच्या घरांवर भिंत कोसळून अनेक जण गेले. नदी-नाल्याकाठचा तळमजला आणि डोंगराच्या कुशीतली खोली, दोन्ही स्वस्त असण्याचे कारण हेच असते.

हवेचाही फरक जाणून घ्यावा. नांदेडचा 42 अंशांचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणून तिथे कूलर चालतो. मुंबईच्या दमट हवेत कूलर थंडावा देत नाही, उलट खोलीतली ओल वाढवतो. तिथे दोन बाजूंना खिडक्या असणारी, वारा वाहती असणारी खोली हवी. गावाकडून वर्षभराची ज्वारी पोत्याने आणू नये; पावसाळ्यात तिला कीड आणि जाळी धरते. दोन-तीन महिन्यांपुरती आणावी. शेवटच्या मजल्याचे छत गळते का आणि कपाटामागच्या भिंतीला बुरशी आहे का, हे पाहण्याचा खरा हंगाम जुलै आहे.

कागद आणि कुलूप

भाड्याच्या घराचा करार बहुधा अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंद नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगतो त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. शहरी भागात नोंदणी शुल्क 1,000 रुपये आणि मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण रकमेच्या पाव टक्का. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी नोंदणी टाळण्यात अर्थ नाही. हाच कागद बँक, गॅस आणि शाळाप्रवेश यांच्यासाठी पत्त्याचा पुरावा ठरतो. ‘हेवी डिपॉझिट’चा, म्हणजे मोठी रक्कम ठेवून भाडे न देण्याचा, व्यवहार फार जपून करावा. ती रक्कम बहुधा गावातले सोने किंवा शेत गहाण ठेवून उभी केलेली असते आणि मालक खरा मालक नसेल तर ती परत येत नाही. मालकीचा कागद आणि सोसायटीचा नाहरकत दाखला पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

नाक्यावरच्या मजुराला यातला कुठलाच कागद मिळत नाही आणि त्याला तो सर्वांत जास्त लागतो. त्याच्यासाठी दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. गावचे रेशनकार्ड रद्द न करता त्यावर मुंबईतल्या दुकानातून धान्य घेता येते. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ची सोय त्यासाठीच आहे. आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद करून घेतली तर मुलांच्या शिक्षणापासून आजारपणापर्यंत मदत मिळते.

एक कटू गोष्टही नोंदवायला हवी. घर दाखवण्याआधी आडनाव विचारणारे, दलित आणि मुस्लिम कुटुंबांना परस्पर ‘जागा गेली’ म्हणून सांगणारे, एकट्या मुलीला नकार देणारे दलाल आणि मालक या शहरात आहेत. ओळखीच्या माणसांच्या वस्तीत लोक एकवटतात ते अनेकदा आवडीने नाही, दुसरीकडे दार उघडले नाही म्हणून. त्यांना ‘जरा पुढे बघा’ असा सल्ला देण्याआधी हे समजून घ्यावे.

विकत घेण्याची घाई

आपल्याकडे भाड्याचे पैसे वाया जातात असे मानतात आणि वर्षभरातच बुकिंग करतात. त्या घाईने अनेकांना बुडवले आहे. 4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून 74 जण मेले. खोट्या परवानग्यांच्या आधारे महारेराचा नोंदणी क्रमांक मिळवलेल्या डोंबिवलीतल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. त्यात घरे घेणारे नोकरदारच होते. म्हणून महारेराचा क्रमांक पाहणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. महापालिकेत जाऊन बांधकाम परवानगी खरी आहे का, हे तपासावे आणि वकिलाकडून मालकीचा शोध घ्यावा.

म्हाडा आणि सिडकोच्या सोडती मराठवाड्याच्या उमेदवारालाही खुल्या आहेत. राज्याचा अधिवास दाखला चालतो. गावात वडिलांचे घर असणे आडवे येत नाही. मात्र प्रधानमंत्री आवास योजनेत देशात कुठेही स्वतःच्या किंवा पती-पत्नीच्या नावावर पक्के घर नसावे अशी अट आहे. गावच्या घराची वाटणी करण्याआधी ही अट वाचून घ्यावी.

घरात राहणारी माणसे

घर निवडताना कमावणाऱ्याचा रस्ता पाहिला जातो. दिवसभर त्या घरात राहते ती बहुधा सून असते आणि तिला कुणी विचारत नाही. तिला भाजीबाजार, दवाखाना आणि पहिली मैत्रीण चालत जाण्याच्या अंतरावर हवी असते. तिला स्वतःला काम करायचे असेल तर तिच्याही स्टेशनाचा विचार हवा. 1993 च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधल्या 52 गावांचे पूर्ण पुनर्वसन झाले, तेव्हा पक्की घरे मिळाली, पण गल्ल्या आणि शेजार मोडला, ही खंत किल्लारीच्या बाजूला आजही ऐकू येते. घर बदलताना शेजार जातो आणि तो आपोआप उभा राहत नाही, हे आपण फार मोठी किंमत मोजून शिकलो आहोत. म्हणून दुसरे घर बघायला जाताना नवरा-बायकोने दोघांनी जावे, एकदा सकाळच्या गर्दीत आणि एकदा दिवेलागणीनंतर.

अकरा महिने

या सगळ्याचा निष्कर्ष असा. पहिल्या करारात घर विकत घेण्याचा विषय काढू नये. अकरा महिने कुठूनही मोजले तरी त्यात पावसाळा येतोच. तेवढ्यात शहराचे पाणी, गर्दी, आजारपण आणि माणसे कळतात. त्या काळात कामाचे ठिकाण पक्के होऊ द्यावे, कामापासून तासाभराच्या आतले दोन-तीन पट्टे स्वतः फिरून पाहावेत आणि मग दुसरा पत्ता ठरवावा. कामाचा रस्ता पहिला, पाणी दुसरे, घरातल्या माणसांचा दिवस तिसरा आणि गावचा रस्ता चौथा, असा माझा क्रम आहे. आईवडील थकलेले असतील तर चौथा दुसऱ्या जागी येईल.

आणि ही एकेकट्याची लढाई राहू नये. नांदेड-लातूरच्या शिक्षणसंस्थांनी दरवर्षी हजारो मुले घडवून बाहेर पाठवली आहेत. याच संस्थांनी, बाजार समित्यांनी आणि मुंबईत स्थिरावलेल्या आपल्या माणसांनी मिळून कल्याण आणि पनवेल इथे एकेक निवास उभारावा: नोकरीवर नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी तीन महिने, कॅन्सरच्या उपचारासाठी टाटा रुग्णालयात आलेल्या कुटुंबासाठी काही आठवडे, परवडणाऱ्या दरात. गिरणगावातल्या कामगारांनी आपल्या तुटपुंज्या पगारातून गावच्या खोल्या उभ्या केल्या होत्या. आपल्याकडे आज त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.